मुंगीच्या वजनाचं पीठ

६ मार्च

ताई,

आधी शिव्या घाल, मग वाच. जुळी झाल्याचं तुझं कार्ड मला केव्हाच मिळालं होतं. त्याच दिवशी तुला लिहायचं म्हणून पाकीटही आणलं, पण मिरपुडीची पुडी फाटली होती, म्हणून मिरपूड त्या पाकिटात भरली. दुसरं पाकीट मिळेपर्यंत खेचरवाला खाली निघून गेला. मग लिहायला बसलो तर सुचेना. एका बाळाचा मामा काय लिहितो तेच मला माहीत नाही, इथे तर एकदम दोन. अशी टंगळमंगळ चालली. हे नवं पाकीट आहे, तरी शिंक आली तर माफ कर.

सध्या मी डोंगरावरच्या मुक्कामघरात स्वयंपाकी आहे. कडे चढायला येणारे लोक इथे उतरतात, सकाळी दोर खांद्यावर टाकून जातात आणि संध्याकाळी ढोपरं फोडून जेवायला येतात. स्वयंपाकघर म्हणजे एक दगडी खोली, एक चूल, पावाची एक भट्टी आणि एक खिडकी, जिच्यातून ढग सरळ आत येतो. काल सूप ढवळत होतो तर पातेलंच दिसेना. मालकीणबाई म्हणतात, याचे हात चांगले आहेत, पाय वाईट आहेत. म्हणजे चुलीवर भात ठेवून मी बाहेर ससा बघायला जातो, असा त्यांचा आरोप आहे. तो ससा नव्हता, ते वेगळंच काहीतरी होतं, पण ते जाऊ दे.

भांडी घासायला एक नवा माणूस आलाय. आम्ही त्याला बशीफोड्या म्हणतो. कपबशी त्याच्या हातात टिकतच नाही. मालकीणबाईंनी त्याला आता नुसती पातेली दिलीत.

मुद्द्याचं राहिलंच. पोरांची वजनं किती झाली? नीट काट्यावर तोलून कळव, अंदाजे नको, आणि दोघांची वेगवेगळी. असंच विचारतोय. मामा आहे म्हणून.

भावोजींना नमस्कार सांग. ते घरीच असतील ना?

तुझा,
भिरभिऱ्या

१३ मार्च

भिरभिऱ्या,

शिंक आली. माझ्याबरोबर ढोल्यालाही आली, आणि शिंकेने दचकून तो रडला, आणि त्याच्या रडण्याने मुंगी उठली. म्हणजे मामाची पहिली भेट पोचली म्हणायची.

ढोल्या म्हणजे मुलगा. तो बाहेर आला तोच भांडण उकरून काढायला आल्यासारखा. मुंगी म्हणजे मुलगी. दोघं दोन महिने लवकर आली आणि ती त्याच्या मागे कुठेतरी दबून राहिली होती. तिचा हात माझ्या अंगठ्याएवढा आहे. मी डाव्या हाताने त्याला धरून उजव्याने हे लिहितेय, अक्षराला हसू नकोस. शेजारच्या शिवणवाल्या काकू दुपारी येतात, तेव्हा माझी अंघोळ होते. काल सूप केलं, दोनदा मीठ घातलं, तसंच प्यायले.

वजनं विचारलीस. तू जन्मात कुणाची चौकशी केली नाहीस, म्हणून बरं वाटलं. ढोल्या सव्वातीन किलो, मुंगी अडीच. छान वाढताहेत. काळजी करू नकोस.

तुझे भावोजी बंदरावर क्रेनचे दोर बसवायच्या कामाला गेलेत. पोरं तीन आठवड्यांची असताना गेले, लवकर येतो म्हणाले. तिथून एक ओळ नाही. काम तसंच असेल. मागच्या वर्षी कडा चढताना पडले, तेव्हा परत कड्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द त्यांनी मला दिलाय, पोरं पोटात असताना, आणि तो शब्द ते पाळतील. एवढ्यावरच मी सध्या चाललेय, म्हणून लिहिलं.

तू पोटभर खातोस ना? स्वयंपाकी माणसं उभ्याने खातात आणि मग बारीक होतात.

ताई

२० मार्च

ताई,

तुझं पत्र खेचरवाल्याने चुरगळून आणलं होतं, पण वजनं वाचता आली. अडीच. फार आनंद झाला, इथे सगळ्यांनाच झाला. म्हणजे मला झाला, आणि मी सगळ्यांना सांगितलं.

परवा काय झालं ऐक. कुणीतरी सांगितलं की वरच्या टप्प्यावर अळंबी उगवलीत. पाहुण्यांना अळंबीचं सूप घालावं म्हणून मी पिशवी घेऊन निघालो. अळंबी सापडली. पण ती वेचत वेचत मी अशा एका खडकाच्या कपारीवर जाऊन बसलो की वर जाता येईना आणि खाली बघवेना. धुकं भरलं. मी हाका मारल्या. एक शेळी येऊन बघून गेली. शेळीची नजर अशी की हा इथे कशाला आला. मला वाटलं संपलं आपलं, आणि खरं सांगतो, तेव्हा डोक्यात देवबिव काही आलं नाही, भट्टीत पाव ठेवलाय तो जळेल एवढंच आलं.

शेवटी बशीफोड्या आला. वरून दोर सोडला, दोराचं टोक आधी एका झाडाला बांधलं, मला ओढून घेतलं, आणि मी वर आल्यावर ती गाठ एका झटक्यात सोडली. नुसतं टोक ओढलं की गाठ गायब. मी म्हणालो, अहो, ही गाठ मी अंगावर असताना सुटली असती तर? तर म्हणाला, वजन असेपर्यंत ही सुटत नाही, वजन उतरल्यावरच सुटते. मला शिव्या घातल्या नाहीत, फक्त अळंबी पिशवीतून काढून एकेक बघितली आणि निम्मी फेकून दिली, विषारी होती म्हणे. पाव जळला होताच. भातही खाली लागला होता. पण त्याचं या माणसाला काही नाही. तो पातेल्याची करपलेली खरवड चमच्याने खरवडून मिठाबरोबर खातो आणि म्हणतो, सगळ्यात भारी भाग फुकट मिळतो.

तर असं. आता वजनं किती? या आठवड्याची पाठव. मुंगीचं आधी लिही.

भिरभिऱ्या

२६ मार्च

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले.

खरवड मिठाबरोबर खाणारा आणि ती फुकट मिळते म्हणणारा माणूस मी लग्नानंतर रोज बघितलाय. ती गाठही बघितलीय. माझ्या घरात कपडे वाळत घालायच्या दोरीला तीच आहे. तू आधीच्या पत्रात विचारलंस, भावोजी घरीच असतील ना. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू कधी असं विचारत नाहीस.

म्हणजे तो माणूस बंदरावर नाही. तो कड्याखाली तुझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि तू त्याला लपवतोयस. मी तुला वाढवलं, आई गेल्यावर तुझ्या शाळेच्या डब्यात मी पोळी घातली, आणि तू मला त्याची अळंबीची गोष्ट सांगतोस. दिलेला शब्द मोडून तो परत दोर लावायला लागला असेल तर तसं सरळ लिही. भांडी घासतो म्हणे. दिवसा भांडी, आणि पहाटे कडा, असंच ना?

आता माझं ऐक. मुंगी अडीच किलो नाही. कधीच नव्हती. ती पावणेदोन आहे आणि गेल्या आठवड्यात तिथेच अडकलीय, उलट थोडी उतरली. तिला ऊब धरता येत नाही, दूध ओढायला गेली की दमते. आम्ही परत दवाखान्यात आलोय. हे तुला लिहिलं नाही, कारण तू इतक्या लांब बसून काय करणार होतास, आणि मला वाटलं निदान एका पत्रात तरी तिला वाढू द्यावं.

तुला तिचं वजन एवढं कशाला हवं असतं, ते आता सांग. आणि त्या माणसाला हे पत्र दाखव किंवा नको दाखवूस. मला फरक पडत नाही.

ताई

१ एप्रिल

ताई,

हात जोडतो. दाखवलं. आणि आता सगळं सांगतो, त्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं तरी.

ते कडा चढत नाहीत. एकदाही चढले नाहीत. चढूच शकत नाहीत. मागच्या वर्षी पडताना त्यांच्या उजव्या हातातून दोर सरकला होता ना, तेव्हापासून त्या हाताच्या तीन बोटांना काही कळत नाही. बरा झालो असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वस्तू धरली आहे की सुटली आहे ते त्यांना बघितल्याशिवाय समजत नाही. म्हणून बशा फुटतात. मला आधी वाटलं नखरे आहेत.

घरून निघायच्या आदल्या दिवशी ते मुंगीला अंघोळ घालत होते म्हणे. ती हातातून निसटली. पाण्यात हनुवटीपर्यंत गेली. डाव्या हाताने त्यांनी तिला वर काढली, ती रडलीसुद्धा नाही, पण ते इथे आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मालकीणबाईंनी काही न विचारता गरम पाणी दिलं. ते म्हणाले, हात जागा झाला की घरी जातो, तोवर तुझ्या ताईला सांगू नकोस. तिला दोन पोरं सांभाळायची आहेत, तिसरं नको. मी हो म्हणालो. मला वाटलं आठवडाभराची गोष्ट आहे.

आता वजनाचं. हसू नकोस, कारण मी आधी हसलो होतो आणि नंतर नाही हसलो. ते रोज सकाळी काट्यावर पीठ आणि पाणी तोलून घेतात, पोरांच्या वजनाएवढं. उजव्या हातानेच मळतात. तू मला शिकवलं होतंस, पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं, ते मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी खरंच डाव्या हाताने स्वतःचा कान चाचपून बघितला. मग एका बाजूला जास्त पीठ ठेवून डोकं करतात, कारण पोराचं डोकं जड असतं आणि मान धरत नाही. मेणकापडात गुंडाळतात, वरून टॉवेल, आणि तो गोळा हातात घेऊन दगडांच्या वाटेने झऱ्यापर्यंत जातात. तिथे वाकून त्याला पाण्यात धरतात, अंघोळ घातल्यासारखं, आणि परत येतात. एका दिवशी ढोल्या, दुसऱ्या दिवशी मुंगी.

सुरुवातीला ढोल्या दोनदा झऱ्यात गेला. मी बघत होतो. ते पाण्यात उतरून पिठाचा गोळा शोधत होते, आणि सापडल्यावर त्याला पुसत होते. ताई, पिठाच्या गोळ्याला कुणी पुसतं का?

आणि वाईट म्हणजे पीठ वाया घालवायला मालकीणबाईंची परवानगी नाही. परत आलं की वरचं खरवडून त्याचाच पाव होतो. पाहुणे म्हणतात, आज पाव फार छान झालाय. मला घास जात नाही. भाच्याला भट्टीत घालतोय असं वाटतं. मी आठवडाभर नुसता भात खाल्ला.

तू अडीच लिहिलंस तेव्हा आम्ही मुंगीचं पीठ वाढवलं. तो गोळा हातात घेऊन ते पहिल्यांदा हसले होते. म्हणाले, जड झालीय बघ.

काल तुझं पत्र आलं. त्या दिवशी मुंगीचाच गोळा तयार होता. त्यांनी पत्र वाचलं, काट्याशी गेले, गोळ्यातून एक तुकडा तोडला. काटा बघितला. आणखी तोडला. असं करत पावणेदोनवर आणलं. मग उरलेलं हातात घेऊन तिथेच ओट्याला टेकून बसले. मी म्हणालो, भावोजी, घरी चला, मी येतो बरोबर. तर म्हणाले, एवढीशी असेल तर मग मी तिला हात लावायचाच नाही. मोठी असती तर वेगळं होतं.

आता यावर त्यांना काय म्हणायचं? तुला सुचेल म्हणून लिहितोय.

भिरभिऱ्या

६ एप्रिल

भिरभिऱ्या,

मुंगी निसटली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी विचारलं, काय झालं, तर न्हाणीतून उत्तर आलं, तांब्या पडला. मी म्हणाले, तांब्या पडला तर एवढा वेळ कशाला लागतो, आणि भाजी हलवायला वळले. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आता कळलं तो कसला होता.

राग गेला असं समजू नकोस. एक गेला, दुसरा आलाय. हात गेला तर गेला, मला येऊन सांगायचं होतं. मी काय त्यांच्या बोटांशी लग्न केलं होतं? पिठाला अंघोळ घालायला वेळ आहे आणि मला एक ओळ लिहायला नाही.

पण आता भांडायला वेळ नाही, म्हणून नीट वाच.

इथल्या नर्सबाई म्हणतात, मुंगीला औषधापेक्षा ऊब हवी. काचेच्या पेट्या कमी आहेत आणि त्या हिच्यापेक्षा लहान पोरांना लागतात. तिला उघडी करून मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायची, वरून कापडाने घट्ट बांधायची, आणि दिवसरात्र तसंच राहायचं. अंगाची ऊब अंगाला. आतला ठोका ऐकला की पोर श्वास घ्यायचं विसरत नाही, असं त्या म्हणतात. मी बांधून बघितलं. तासाभरात तिचे पाय गरम झाले. मग ढोल्या भुकेने ओरडायला लागला, तिला सोडून त्याला घेतलं, आणि त्याचं होईपर्यंत ती परत थंड. दिवसभर हेच. काकू येतात, पण त्यांच्या पाठीला ताठ बसणं झेपत नाही. मला छाती एकच आहे आणि पोरं दोन.

काल तिने दोनदा श्वास थांबवला. नर्सबाईंनी तळपायाला टिचकी मारली तेव्हा परत घेतला. मी ते बघितलं. तू हे त्यांना वाचून दाखव, गाळू नकोस.

आणि पुढचं मोठ्याने वाच. तिला धरायला बोटं लागत नाहीत. हातच लागत नाहीत. एक रुंद कापड लागतं आणि वजन असेपर्यंत न सुटणारी एक गाठ लागते. त्या माणसाला जगात दुसरं काय येतं?

येणार असतील तर यावं. येणार नसतील तर तसं कळव, म्हणजे मी दाराकडे बघायचं बंद करते.

ताई

११ एप्रिल

ताई,

घाईत लिहितोय. नीट वाच आणि घाबरू नकोस, म्हणजे मी घाबरलोय, पण तू नकोस.

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते बटाटे सोलत होते. मी सगळं वाचलं, श्वासाचंसुद्धा. त्यांनी सोलणं थांबवलं नाही. गाठीची ओळ आली तेव्हा म्हणाले, परत वाच. मी परत वाचली.  बटाटे संपले, साली गोळा करून टाकल्या, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं. मला राग आला. म्हणालो, अहो भावोजी, पोर तिकडे श्वास विसरतेय आणि तुम्ही पीठ काय मळताय? मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो. ते म्हणाले, सकाळी बोलू.

संध्याकाळी पाऊस आला आणि खेचरांच्या वाटेवर दरड कोसळली. आख्खं वळण गेलं. मालकीणबाई म्हणाल्या, आठवडाभर कुणी खाली जाणार नाही, आहे ते धान्य पुरवून खा.

सकाळी मी पाणी आणायला झऱ्यावर गेलो. परत आलो तर भावोजी नाहीत. त्यांची पिशवी खुंटीला आहे. बूट नाहीत. आणि भिंतीवरचा लांब दोर नाही.

मी बाहेर पडून चिखलातले ठसे बघत गेलो. ठसे दरडीकडे जात नाहीत. मागच्या कड्याकडे जातात. तोच कडा, मागच्या वर्षीचा. तिथून खाली उतरलं तर पलीकडे जंगल आहे, आणि जंगलातून दोन दिवसांची चाल आहे म्हणतात, पण तिथून दोन धड हात असलेला माणूसही या हवेत उतरत नाही. मी काठापर्यंत गेलो. झाडाला दोर घासल्याची खूण आहे. दोर नाही. म्हणजे खाली पोचून त्यांनी तो ओढून घेतला, की दोरासकट गेले, ते मला समजत नाही. मी खूप हाका मारल्या. त्या कपारीत मी अडकलो होतो तेव्हा ते आले होते. मला तिथून खाली बघतासुद्धा येईना. पोटावर झोपून बघितलं, तर सगळा ढग.

काल मळलेला गोळाही जागेवर नाही. पावणेदोनचा, मुंगीचा. मोठा टॉवेलही नाही. मला वाटतं रागाने दरीत फेकला असेल. मी जे बोललो त्याच्यामुळे.

मालकीणबाईंनी कडा माहीत असलेल्या दोघांना मागच्या बाजूने पाठवलंय. मी जातो म्हणालो तर त्यांनी कॉलर धरून मला चुलीपुढे उभं केलं. म्हणाल्या, अजून एकाला शोधायला माझ्याकडे माणसं नाहीत.

खेचरवाला दरडीच्या पलीकडे येऊन उभा आहे. हे पत्र बटाट्याला बांधून त्याच्याकडे फेकतोय. त्याला ओरडून सांगितलंय, टपालात टाकू नकोस, खाली गाडीवाल्याच्या हातात दे आणि थेट दवाखान्यात पोचव.

ताई, मी त्यांना लपवायला नको होतं.

भिरभिऱ्या

१३ एप्रिल

भिरभिऱ्या,

पत्र पोचलं. गाडीवाल्याने आणून दिलं, बटाट्यासकट. त्याला वाटलं तोही पाठवलाय. तो खिडकीत ठेवलाय, आणि काकूंनी तो उकडायचा का म्हणून दोनदा विचारलं.

तुझ्या बोलण्याने कुणी दरीत जात नाही. ते डोक्यातून काढ. तू कड्याच्या काठावर परत जायचं नाही. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग, याची कॉलर धरून ठेवा.

त्या दोघांना काही सापडलं का? पुढचं पत्र कसंही पाठव. चांगलं असो, वाईट असो, गोड करून लिहू नकोस. मी मुंगीचं वजन गोड करून लिहिलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं. मी खरं लिहिलं असतं तर तो माणूस तेव्हाच निघाला असता, पायवाटेने, कोरड्या हवेत. हे मी पहाटेपासून घोकतेय.

इथलं सांगते. मुंगी आहे. काल एकदाच श्वास विसरली. काट्यावर तशीच, पण उतरली नाही. नर्सबाई त्यांचं काम संपलं की घरी जायच्या आधी तासभर तिला छातीशी घेऊन बसतात. त्यांना घरी स्वतःची माणसं आहेत, त्या रोज कुठवर बसतील? मी ढोल्याला पाजताना पाठ भिंतीला टेकते आणि मुंगीला पायांवर घेऊन वरून वाकते, म्हणजे निदान माझ्या श्वासाची वाफ तिच्यावर पडते. असं वाकून वाकून मान आखडलीय. मी दाराकडे बघायचं बंद केलंय. एकटीने कसं जमवायचं त्याचा हिशेब मांडतेय, आणि तो काही केल्या बसत नाही, तरी मांडतेय. रडले नाही. रडलं की दूध कमी होतं असं काकू म्हणतात, खरं असो नसो.

तुझा तो गोळा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दगडावरून पीठ घेऊन चाललेला माणूस. मी तिथे असते तर मीही हसले असते. आणि मग

थांब. नर्सबाई दारातून मला बोलावताहेत.

त्या आत आल्या, मी जागेवरूनच ऐकलं, कारण दोघं माझ्या अंगावर आहेत. म्हणाल्या, "बाई, खाली बाकावर एक माणूस येऊन बसलाय. गुडघ्यापर्यंत चिखल. शर्टाच्या आत छातीला काहीतरी बांधलंय. शिपायाने सोडायला सांगितलं तर हात लावू देत नाही. आंबट वास येतोय नुसता. पोर आहे की काय म्हणून मी घाबरून बघितलं, तर पीठ आहे. फुगून टॉवेलच्या बाहेर आलंय."

मी विचारलं, काय म्हणतो तो माणूस?

नर्सबाई म्हणाल्या, "म्हणतो, कडा उतरताना, जंगलात, झोपेत, कुठेच गाठ सुटली नाही, हे आधी तिला सांगा. मग मी वर येतो."

भिरभिऱ्या, मी त्यांना सांगितलंय, आधी ह्यांना गरम पाण्याने अंघोळ करायला लावा, साबणाने, दोनदा. आणि पीठ टाकू नका म्हणावं, मला बघायचंय. पेन ठेवतेय. अंघोळ झाली वाटतं, जिन्यावर ह्यांचे पाय वाजताहेत.